कारखाना, ठेकेदार आणि आपलं गाव : तुमचे अनुभव लिहा

बेळगावात अनगोळला आमच्या परसात चिक्कूचं झाड होतं. ते तोडून बाबांनी पत्र्याच्या सात खोल्या बांधल्या. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, मोल्डिंगला (साचे करायला), फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला) बिहार-ओडिशाची पोरं येतात, ती राहतात. खोलीत सहाजण, अंथरुणं तीन. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा. याच भाड्यावर माझं इंजिनिअरिंग झालं, म्हणून मी नाक मुरडणार नाही. पण नावं आम्हाला माहीत नाहीत. आई 'तीन नंबरवाला' म्हणते.

तुमच्याकडं काय झालं? 'आमच्या वेळचं बेळगाव' हे रडगाणं तेवढं नको.

वडगाव :
घरात दोन माग होते, शहापुरी साड्या विणायचो. लॉकडाऊनमध्ये माल अडकला, माग किलोच्या भावानं भंगारात गेले. आता मच्छेला ठेकेदाराकडं हेल्पर आहे. पगार वेळेवर येतो, खोटं कशाला बोलू. मागाच्या खडखडाटाशिवाय झोप मात्र अजून लागत नाही.

खानापूर :
आयटीआय फिटर. डबा घेऊन रोज रेल्वेनं बेळगाव. दर अकरा महिन्यांनी 'ब्रेक', मग त्याच मशीनवर नवा गेटपास. तीन ठिकाणी पोरगी बघितली. चहा यायच्या आधी प्रश्न ठरलेला, "परमनंट हाय काय ओ?"

हत्तरगीजवळून :
2009 ला इथं विमानाच्या सुट्या भागांचं विशेष आर्थिक क्षेत्र आलं. माझी बहीण कामाला जाते. आमच्या घरातली पगाराची पहिली बाई. बाकी तक्रारी नंतर.

निपाणी :
टेम्पररी तुम्हाला नवीन असेल. आमची आई वखारीत तंबाखू निवडायची, हंगाम संपला की काम संपलं. 1981 ला तंबाखूच्या शेतकऱ्यांनी हायवे अडवला, ते सगळ्यांना आठवतं. वखारीतल्या बायकांचं कोण विचारतंय? आणि एक. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराला लायसन लागायचं ते वीस माणसांपासून. मी काही वर्षं एका ठेकेदाराची हजेरी लिहायचो. वहीत कायम एकोणीस. गाडीतून उतरायचे तीस-बत्तीस.

चंदगड, सध्या उद्यमबागेजवळ :
मी असाच एक पाच नंबरवाला. तुमच्याकडचा नव्हे. आमची मालकीण बादल्या मोजते. चिक्कू गेला ते वाईट झालं दादा, पण सात खोल्यांना संडास किती, ते तुम्ही लिहिलं नाही.