विषय: वाचनालयाचा सर्व्हे जानेवारीत घ्यावा का?

खजिनदार:
नमस्कार मंडळी, अंबाजोगाई तालुक्यातल्या वाचनालयाला आणि त्यांच्या भारुडाच्या कार्यक्रमाला आपण दरवर्षी पैसे पाठवतो, पण त्याचा उपयोग काय झाला असं एजीएमला (वार्षिक सभेला) कुणी विचारलं की माझ्याकडे फक्त फोटो आणि लाइक्स. संस्कृतीचा उपयोग मोजायला युनेस्कोने 2019 मध्ये काढलेले 22 निर्देशक चाळले, ते देशांना आणि शहरांना ठीक, आपल्या दोन खोल्यांच्या वाचनालयाला काय करायचेत. म्हणून बारा प्रश्नांचा गूगल फॉर्म केलाय, जानेवारीत भरून घेऊ का?

वाचनालयातून:
दादा, जानेवारीत नका हो. तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच सापडतील, दिवाळी झाली की कोयते (ऊसतोडीची जोडपी) फडावर जातात ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात, आणि भारुडाला सगळ्यात पुढं बसतात ते हेच लोक. मागं एका संस्थेनं असाच सहा महिन्यांनी फॉलोअप घेतला, निम्म्या घरांना कुलूप, रिपोर्टात लिहिलं काय तर ‘सहभागात घट’. घट कशाची, माणसं ऊस तोडायलेत!

आणि ‘कार्यक्रम आवडला का’ हे तर विचारूच नका, आमचं पोरगं मोबाइल घेऊन समोर उभं राहिलं की आजी ‘लई आवडला बाबा’ म्हणणारच, वर चहा पण ठेवणार. त्यापेक्षा देवघेवीचं रजिस्टर बघा, कोणी पुस्तक नेलं, ते परत करून दुसरं नेलं का, सोबत कोणाला आणलं. चौथीतली एक पोरगी आजीपाशी राहते, आईबाप फडावर, ती रात्री आजीला पुस्तक वाचून दाखवते, आता पुस्तक संपलं की दुसरं आणायला आजीच पोरीच्या आधी दारात. हे फॉर्मच्या कोणत्या रकान्यात बसवू सांगा.

एक सभासद:
गूगल फॉर्मला नेट लागतं आणि तिकडं रेंजची बोंब. सर्व्हेसाठीचं कोबो टूलबॉक्स बघा, अँड्रॉइडवर त्याचं कोबोकलेक्ट ॲप ऑफलाइन चालतं, रेंज आली की पाठवून देतं. फॉर्म कधी उघडला कधी संपवला ती वेळ पण नोंदवता येते, म्हणजे सर्व्हेवाल्यानं घरोघरी न जाता झाडाखाली बसून स्वतःच भरलेले फॉर्म लगेच कळतात (नोकरीच्या सुरुवातीला मीच हा उद्योग केलाय, म्हणून सांगतो). मुलांची नावं मात्र अजिबात मागवू नका, 2023 च्या डेटा कायद्यात 18 च्या आतल्यांसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे आणि पालक तर फडावर. रजिस्टर तिकडेच राहू द्या, आपल्याला नुसत्या बेरजा पुरेत.

खजिनदार:
बरं, मग बाराचे चार प्रश्न करतो. एकदा दसऱ्यानंतर कोयते निघायच्या आत विचारायचे, मग पाडवा झाल्यावर त्याच माणसांना तेच परत. ताई, कोबोत आवाज पण रेकॉर्ड होतो म्हणे, तेवढं आजीला विचारून बघा. हो म्हणाल्या तर एजीएमला आधी तेच वाजवतो, बेरजा जेवणानंतर.