मदत हवी आहे: इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनमधल्या इंडेक्सचं (डेटाच्या संचाचं) नाव कसं बदलायचं?

राजवाडा_कोपरा: इंडेक्सचं नाव 'माल' आहे. ते 'माल-व्ही१' करून 'माल' हे नाव अलिअससाठी (इंडेक्सकडे नेणारं टोपणनाव) मोकळं करायचंय. रिनेमची एपीआय (त्यासाठीची कमांड) सापडत नाही. अलिअस बनवला तर 'इनव्हॅलिड अलिअस नेम' एरर येते. दुकानाचं सर्च बंद ठेवता येणार नाही. आज रात्रीच हवंय, लवकर सांगा.

तुकोगंजवाला: व्हर्जन? नोड (सर्व्हर) किती? डेटा किती? लिखाण चालू असतं का? रिनेम नाहीच मुळी. इंडेक्स आणि अलिअस एकाच नावाचे असू शकत नाहीत, म्हणून ती एरर.

भिया_बॅकएंड: रीइंडेक्स करा, म्हणजे सगळा डेटा नव्या इंडेक्समध्ये कॉपी करा, विषय संपला. आधी नव्या इंडेक्सला मॅपिंग (फील्ड आणि त्यांचे प्रकार) द्या, रीइंडेक्स ते नेत नाही. कॉपी लवकर व्हावी म्हणून रिफ्रेश इंटरव्हल उणे १ ठेवा (रिफ्रेश बंद), स्लाइसेस ऑटो (काम समांतर तुकड्यांत), आणि वेट-फॉर-कम्प्लीशन फॉल्स (काम मागे चालू राहतं).

राजवाडा_कोपरा: ७.१७, एकच नोड, ४० जीबी. डिस्क ७० टक्के भरलीय. स्टॉक दर पाच मिनिटांनी अपडेट होतो. मॅपिंग तेच ठेवायचंय.

तुकोगंजवाला: हे आधी सांगायचं ना भाऊ. मॅपिंग तेच, तर रीइंडेक्स कशाला? क्लोन (इंडेक्सची जशीच्या तशी प्रत) व्हर्जन ७.४ पासून आहे. एकाच फाइलसिस्टिमवर हार्ड लिंक करतो (त्याच फाइलला दुसरं नाव देतो), जागा जवळपास लागत नाही.

भिया_बॅकएंड: पण क्लोनसाठी राइट ब्लॉक (लिखाणावर बंदी) लावावा लागतो. स्टॉक अपडेटला ४०३ (मनाई) एरर मिळणार.

तुकोगंजवाला: थोडा वेळच, आणि सर्च चालूच राहतो. रीइंडेक्समध्ये तर सुरू झाल्यानंतरचे बदल नव्या इंडेक्समध्ये येतच नाहीत, ते कोण भरणार?

जेलरोड_९: डिस्क ७० टक्के म्हणजे इंदूरच्या जेल रोडवरच्या बाजारातून एसएसडी (नवी डिस्क) घेऊन टाका.

राजवाडा_कोपरा: सर्व्हर क्लाऊडवर आहे हो काका.

छावणीकर: देवनागरी सर्चसाठी मजकूर शब्दांत फोडणारा हिंदी अ‍ॅनालायझर लावू नका. मराठीचा तयार अ‍ॅनालायझर नाही, इंडिक नॉर्मलायझेशन फिल्टर (अक्षरांची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करणारा) वापरा.

राजवाडा_कोपरा: तो प्रश्नच नाहीये! क्लोनच्या स्टेप्स द्या.

तुकोगंजवाला: स्टॉकचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं अपडेटचं काम) थांबवा. 'माल'चे रेप्लिका (जादा प्रती) ० करा, नाहीतर एका नोडवर इंडेक्स यलो (प्रती अपूर्ण) राहतो आणि क्लोनला ग्रीन (सगळं पूर्ण) लागतो. मग इंडेक्स ब्लॉक्स राइट ट्रू. क्लोनच्या रिक्वेस्टमध्येच रेप्लिका ० आणि ब्लॉक्स राइट नल द्या, कारण रेप्लिकाची संख्या उचलली जात नाही आणि ब्लॉक मात्र सोबत येऊ शकतो. 'माल-व्ही१' ग्रीन झाला की दोन्ही इंडेक्सचे डॉक्युमेंट काउंट जुळवा, शंका असेल तर पुढे जाऊ नका. मग अलिअसेस एपीआयच्या एकाच कॉलमध्ये दोन अ‍ॅक्शन: 'माल'साठी रिमूव्ह-इंडेक्स आणि 'माल-व्ही१'वर 'माल' अ‍ॅड. आधी वेगळं डिलीट केलं आणि मध्येच एखादा अपडेट आला, तर 'माल' नावाचा नवा इंडेक्स आपोआप तयार होतो, डायनॅमिक (आपोआप ठरलेल्या) मॅपिंगसकट. मग तीच एरर पुन्हा.

भिया_बॅकएंड: त्याआधी स्नॅपशॉट (बॅकअप) घ्या. रिमूव्ह-इंडेक्स म्हणजे डिलीटच आहे.

राजवाडा_कोपरा: 'माल'वर आधीचा एक अलिअस आहे, 'दुकान'. तो क्लोनसोबत येईल ना?

तुकोगंजवाला: नाही येत! त्याच कॉलमध्ये तोही अ‍ॅड करा. आणखी काय सांगायचं राहिलंय?