मदत हवी आहे: लग्नाआधी 'सगळ्या' तपासण्या करायच्यात, सोलापुरात सुरुवात कुठून करू?

चादरवाली

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, तोही नव्या आयडीने. का ते वाचल्यावर कळेल.

वय ३७. जुळे सोलापुरात राहते, टॉवेलच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. दिवाळीनंतर दुसरं लग्न करायचं ठरतंय, त्यांचंही दुसरंच. पत्रिका बघायची नाही यावर दोघांचं एकमत झालं तेव्हा मीच म्हटलं, मग रिपोर्ट बघू. ते लगेच हो म्हणाले. आता पंचाईत अशी की रिपोर्ट म्हणजे नक्की कुठले, हे दोघांनाही माहीत नाही.

गेल्या महिन्यात एका लॅबचं 'महिलांसाठी संपूर्ण तपासणी' पॅकेज केलं. साडेतीन हजार गेले, चौदा पानं आली. व्हिटॅमिन डी, थायरॉईड, कोलेस्टेरॉल, लोह, अगदी युरिक अ‍ॅसिडसुद्धा. चौदाही पानं दोनदा चाळली. लैंगिक आजारांबद्दल एक अक्षर नाही.

मग एका खासगी दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या मुलीनं अख्ख्या बाकड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "तक्रार काय आहे?" शेजारी आमच्याच गल्लीतल्या काकू, मांडीवर एक्स-रेचं पाकीट, कान माझ्याकडे. मी म्हटलं, "पाठ दुखते." आत जाऊन खरं सांगितलं तर डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काही त्रास आहे का? नाही ना? मग कशाला?" आणि सोनोग्राफी लिहून दिली. पाठीच्या गोळ्याही दिल्या. त्या मात्र कामाला आल्या.

त्रास खरंच काही नाही. कधीमधी पांढरं जातं, तेवढंच. पॅप (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींची तपासणी) आयुष्यात एकदाही केलेली नाही. तर काय मागू, कुठे मागू, आणि गावभर न होता हे कसं उरकू? उपदेश नको, तो घरी भरपूर मिळतो.

गड्डाप्रेमी

पुण्याला जाऊन करा की ओ. तिथं कोण ओळखतंय?

चादरवाली

सुट्टी, प्रवास, परत रिपोर्टला हेलपाटा. आणि आपलंच गाव सोडून मी का पळू?

नमुना क्रमांक ९

लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. 'सगळं' नावाची टेस्ट नसते ताई. पॅकेजमध्ये मशीनवर एका दमात निघणाऱ्या रक्ताच्या तपासण्या भरतात. आतून नमुना घ्यायचा तर टेबल हवं, पडदा हवा, हात बसलेली बाई हवी. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाचं ते काम नाही. त्यामुळे नाव घेऊनच मागायचं.

रक्तावर एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, हिपॅटायटिस बी साठी एचबीएसएजी आणि सी साठी अँटी-एचसीव्ही. व्हीडीआरएल कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते, तेव्हा टीपीएचए करून खात्री करतात. तोवर रडत बसायचं नाही.

क्लॅमिडिया आणि गोनोरिया या लैंगिक आजारांचं निदान रक्तावर होत नाही. त्याला योनीमार्गाचा स्वॅब लागतो, तो पीसीआरवर लावतात. आमच्याकडून हे नमुने पुण्या-मुंबईला जातात, म्हणून रिपोर्टला दिवस लागतात. क्लॅमिडिया बहुतेक बायकांना काहीच त्रास देत नाही आणि आतल्या आत गर्भनलिका खराब करू शकते. पुढं मूल राहीना म्हणून तपासायला गेल्यावर उलगडा होतो. त्यामुळे 'त्रास नाही तर कशाला' हे मला पटलं नाही. सोनोग्राफीत गाठ दिसेल, जंतू दिसत नाहीत.

टॉर्च पॅनेल (पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांच्या अँटिबॉडी बघणारी रक्ततपासणी, हर्पिसही त्यातच) कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. अंगावर फोड वगैरे काही नसताना हर्पिसच्या अँटिबॉडी बघून हाती काही लागत नाही, झोप तेवढी उडते.

अजून एक. एचआयव्ही संबंधानंतर लगेच दिसत नाही. नव्या अँटिजेन-अँटिबॉडी टेस्टला ४५ दिवस धरा, नुसत्या अँटिबॉडीच्या किटला ९०. तुमची तीन वर्षं झालीत म्हणता, म्हणजे हा हिशेब तुम्हाला नाही. त्यांचा तुम्हीच विचारून घ्या.

सत्यवचनी

लग्नाआधीच एवढा संशय? संसार विश्वासावर चालतो.

नमुना क्रमांक ९

दोघंही तपासणार आहेत. वर वाचा.

भगवंतनगरी

मी बार्शीची, तीस वर्षं नर्स होते. पॅपचा विषय निघालाच आहे तर थोडं लांबण लावते.

गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे आपल्याकडे बायका म्हणतात तसा 'पिशवीच्या तोंडाचा', कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. त्यातले १६ आणि १८ हे दोन प्रकारच साधारण ७० टक्के केसेसना कारणीभूत. विषाणू लागल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात, म्हणून मधे पकडायला वेळ असतो.

आणि हे जगाला दाखवून दिलं ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यानं! १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचा धाराशिव, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं टाटा मेमोरियलबरोबर मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काहींची एचपीव्ही तपासणी, काहींची पॅप, काहींना व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं, आणि एका गटाला नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. बाकीच्या दोन पद्धतींत असा ठळक फरक दिसला नाही. माझी चुलतसासू त्या बायकांतली एक. पोथी अर्धी टाकून गेली होती, आल्यावर म्हणाली, "एवढंच व्हय?"

तेव्हा चादरवाली, तिशी ओलांडलेली असल्यानं एचपीव्ही डीएनए मागा. पॅप सोबत केली तर उत्तम. दोन्ही नॉर्मल आलं की पुढची पाच वर्षांनी. फक्त पाळी चालू नको, आणि आधीचे दोन दिवस संबंध, आत ठेवायच्या गोळ्या, मलम काही नको. चोचीसारखं उपकरण आत घालतात तेव्हा ताण येतो, सहसा फार दुखत नाही. तोंडानं श्वास सोडायचा आणि पार्श्वभाग टेबलावर टेकलेला ठेवायचा, उचलला की जास्त बोचतं.

एचआयव्हीसाठी सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जा. फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात, २०१७ च्या कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. इतर गुप्तरोगांसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतात. कुठे जायचं हे १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फुकट विचारता येतं.

पूर्वभागवाली

धागा पळवत नाही, पण आईचं विचारू का? वय ५८, आयुष्यभर विड्या वळल्या, विडी घरकुलात राहते. पाळी जाऊन आठ वर्षं झाली. आरोग्य केंद्रातल्या ताई तपासायला या म्हणतात. आई म्हणते, आता कशाला, सगळं संपलं की.

भगवंतनगरी

पाळी संपते, पिशवीचं तोंड तिथंच असतं. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची ही तपासणी असते, पण तिथे सहसा ॲसिड लावूनच बघतात. पन्नाशीनंतर बघायचा तो भाग आत सरकतो, त्यामुळे तेवढ्यावर भागवू नका. आईची एचपीव्ही किंवा पॅप करा. स्तनंही डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि पाळी गेल्यावर लाल डाग जरी दिसला तर तपासणीचा नंबर लागेपर्यंत थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.

चादरवाली

अपडेट, सहा आठवड्यांनी. उशिराबद्दल माफी, मार्चअखेर होता.

सिव्हिलला दोघंही गेलो, वेगवेगळ्या दिवशी. माझ्या आधी एक तेलुगू बोलणाऱ्या आजी होत्या. समुपदेशक ताई त्यांच्याशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत. दार लावलेलं, तक्रार काय म्हणून कुणी ओरडलं नाही. दोघांचेही रक्ताचे रिपोर्ट निगेटिव्ह. हिपॅटायटिस बी ची लस दोघांनीही कधी घेतली नव्हती, ती सुरू केलीय. पहिला डोस झाला, मग एका महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात.

स्वॅब आणि पॅप दुसऱ्या बाईंकडे केलं. चिठ्ठीवर तपासण्यांची नावं लिहून नेली होती, ती काउंटरवर सरकवली. बोलायची वेळच आली नाही. ही युक्ती ज्यांना हवी त्यांनी घ्या. क्लॅमिडिया, गोनोरिया निगेटिव्ह. पॅप नॉर्मल.

एचपीव्ही पॉझिटिव्ह. १६-१८ नाही, 'इतर हाय-रिस्क' असं लिहिलंय, म्हणजे कॅन्सर करू शकणाऱ्या बाकीच्या प्रकारांतला. डॉक्टर म्हणाल्या, पॅप नॉर्मल आहे, वर्षानं पुन्हा करू. मला कळलं, पण दोन रात्री झोपले नाही. आता त्यांना हे कसं सांगू?

भगवंतनगरी

डॉक्टर म्हणाल्या तसंच. एचपीव्ही इतका सर्रास आहे की संबंध आलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच काढून टाकतं. किती वर्षांपूर्वी, कुणाकडून, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येत नाही. हेच त्यांना सांगा.

नमुना क्रमांक ९

आणि ते 'मीही करतो' म्हणाले तर सांगून ठेवते, पुरुषांसाठी एचपीव्हीची मान्यताप्राप्त तपासणी नाही. त्यांचे पैसे वाचले.

चादरवाली

सांगितलं काल, सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे कॅन्सर नाही ना?" मी नाही म्हटलं. मग खरंच म्हणाले, मीही करतो. नमुना ताईंचं वाक्य ऐकवलं. मग मोबाईल काढून पुढच्या वर्षीची आठवण लावली. तारीख चुकून याच वर्षीची टाकली होती, ती मी बदलली.