मदत हवी आहे : आधी टायर घ्यावेत की आधी लिफ्ट करावी?
नमस्कार. माझ्या जुन्या फोर बाय फोरला पुढे-मागे सलग ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच अखंड आस) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. सध्याचे 235/70 आर16 टायर झिजले असल्यामुळे त्यांच्या जागी 245/75 आर16 बसवावेत आणि 2 इंचांची लिफ्टही (स्प्रिंगपाशी उंची वाढवून बॉडी वर उचलणे) करून घ्यावी, असा विचार आहे. मात्र दोन्ही खर्च एकदम झेपणारे नाहीत.

माझ्या हिशेबाने टायरचा व्यास सुमारे 38 मिलिमीटरने वाढेल, म्हणजे डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा, ॲक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा) जमिनीपासून जेमतेम 19 मिलिमीटर वर जाईल. लिफ्टने बॉडी उंच होते, पण सलग ॲक्सलचे डिफरन्शियल आहे तिथेच राहते, आणि माझे नेमके तेच दगडांना घासते. त्याच्या तळाचा रंग खरवडून धातू उघडा पडला आहे. म्हणून आधी टायरच घ्यावेत, असे मला मनापासून वाटते. अडचण अशी, की स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना चाक खड्ड्यातून वर चढले, तर आत्ताचाच टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला टेकतो आणि तिथे काळे ओरखडे उमटतात.

ज्यांनी हे काम टप्प्याटप्प्याने केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : लिफ्ट होईपर्यंत बंप स्टॉप (चाकाला ठरावीक उंचीपलीकडे वर जाऊ न देणारे अडसर) थोडे लांब करून भागेल का? पुढे लिफ्ट केल्यावर कॅस्टर कोन (गाडी सरळ धावावी म्हणून स्टिअरिंगच्या अक्षाला दिलेला मागचा कल) कमी होऊन गाडी सरळ रस्त्यावर भरकटू नये, यासाठी काय तजवीज करावी लागली? केवळ स्पेसर (जुन्याच स्प्रिंगला उंची देणाऱ्या जाड चकत्या) टाकून पैसे वाचवावेत, की थांबून नवे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्रच घ्यावेत? ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात असतील, तर त्या बदलण्यात मात्र मला काटकसर करायची नाही.