मागच्या जिन्याला कुलूप: तक्रार कशी करावी?

प्रश्न

माझी धाकटी बहीण नागपुरात हिंगणा मार्गावरील एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम करते. तिथे चाळीसेक बाया आहेत. पाळी सुरू झाली की मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप लागते आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात जाते, कारण कापड चोरीला जाते म्हणे. गॅलरीच्या दारात उन्हाळ्यापासून कूलर बसवलेला आहे. मागच्या आठवड्यात विजेच्या बोर्डातून धूर निघाला, तेव्हा सगळ्या बाया चिंध्यांच्या गाठोड्यांवरून अडखळत एकाच जिन्याकडे धावल्या. बहिणीने कुलपाचा विषय काढला, तर उद्यापासून येऊ नकोस असे तिला सुनावण्यात आले. न्यूयॉर्कमध्ये १९११ साली असेच दार बंद होते, असे वाचले. त्या दाराचे पुढे काय झाले, आणि नोकरी न गमावता आम्ही तक्रार कुठे करावी?

उत्तर १

ती आग २५ मार्च १९११ रोजी ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात, आठव्या मजल्यावरील कापडाच्या तुकड्यांच्या पेटीतून लागली. दहाव्या मजल्यावर दूरध्वनीने खबर गेली, नवव्यावर गेलीच नाही. तिथल्या मुली वॉशिंग्टन प्लेसकडील दाराशी पोहोचल्या तर त्याला कुलूप होते, आगीचा बाहेरचा जिना भाराने कोसळला आणि अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या. १४६ जण गेले, त्यांत बहुतेक स्थलांतरित तरुण मुली होत्या. मालक मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्दोष सुटले, कारण त्या क्षणी दार बंद असल्याचे त्यांना ठाऊक होते हे सिद्ध करावे लागत होते. त्यांच्यापैकी एकाला १९१३ मध्ये पुन्हा कामाच्या वेळेत दार बंद ठेवल्याबद्दल दंड झाला, तो अवघा वीस डॉलर!

बदल घडला तो चौकशी आयोगामुळे आणि त्यामागे उभ्या राहिलेल्या संघटनांमुळे. रस्त्यावरून ती आग पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स त्या कामात होत्या, आणि १९३३ मध्ये त्याच अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या. मला या प्रकरणातून आपल्यासाठी एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणायला मालकाला जागा ठेवू नका. कुलपाची बाब आजच, तारखेसह, लेखी कळवा आणि पोच घ्या.

उत्तर २

मी बुटीबोरीत बरीच वर्षे सुरक्षा विभागात काढली आहेत. आगीच्या वेळी सर्वांना सुरक्षित बाहेर पडता यावे, आणि तो मार्ग कामगारांना सरावाने ठाऊक असावा, ही जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३८ ने कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे ज्याच्या हाती कारखान्याचा कारभार आहे त्याच्यावर, टाकली. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात द्यावी; ती कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवावे, असे १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यात आणले.

दुसरी प्रत अग्निशमन विभागाला द्या. इमारत एमआयडीसीच्या हद्दीत असेल तर एमआयडीसीच्या अग्निशमन दलाला, नसेल तर महापालिकेच्या. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. ते सादर झाले आहे का, हे अर्जात अवश्य विचारा. कुलपाचे आणि कूलरचे छायाचित्र जोडा, मात्र ते बहिणीने एकटीने काढू नये.

उत्तर ३

अर्जावर एकीची सही असली तर तिला काढणे सोपे, पंधरा जणींची असली तर अवघड. बांगलादेशात एप्रिल २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून ११३४ जण मेले, त्यानंतर कामगार संघटनांनी परदेशी कपडे कंपन्यांशी कायद्याने बंधनकारक करार केला, म्हणून तपासण्या आणि दुरुस्त्या झाल्या. आदल्या दिवशी त्या इमारतीला तडे दिसले होते, तरीही शिवणकाम करणाऱ्यांना आत पाठवले गेले. आत जायला नकार देण्याचे बळ एकट्यादुकट्याला नव्हते. आपल्या बहिणीने आधी मैत्रिणींशी बोलावे, जमल्यास एखाद्या संघटनेमार्फत अर्ज द्यावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीच्या खोलीवर नऊ जणी जमल्या होत्या. सहा जणींनी सही केली, तिघींनी घरी विचारून सांगते म्हटले. अर्जात कुलूप, कूलर, चिंध्यांची गाठोडी आणि धूर निघाल्याची तारीख लिहिली आहे. सोमवारी मी स्वतः दोन्ही कार्यालयांत जाऊन पोच घेणार आहे.