फलकासाठी ठळक, सुलेखनाच्या वळणाचा टंक कोणता घ्यावा?

प्रश्न (सांगली)
नमस्कार. ५ नोव्हेंबरच्या मराठी रंगभूमी दिनानिमित्त आमच्या मंडळाची नाट्यवाचन स्पर्धा असून तिचा फलक करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वर ‘नाट्यवाचन स्पर्धा’ आणि खाली इंग्रजीत मंडळाचे नाव, अशी मांडणी आहे. इंग्रजीसाठी लेखणीच्या वळणाचा ठळक सेरिफ (रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेला) टंक मिळाला; परंतु त्याच्या जोडीला कोणताही मराठी फॉन्ट ठेवला तरी दोन्ही ओळी एकमेकींना परक्या वाटतात, आणि मराठी ओळ ‘बोल्ड’ केली की ‘ट्य’ बुजून जातो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (वाई)
दोन्ही ओळी परक्या वाटण्याचे कारण लेखणीच्या कोनात आहे. रोमन सुलेखनात वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते. देवनागरीसाठी बोरूचे (वेताच्या लेखणीचे) टोक उलट्या बाजूने तिरपे छाटतात, त्यामुळे तीच रेघ येथे बारीक होते आणि तिला छेदणारी जाड. ‘बोल्ड’चे बटण हा कोन न पाहता रेघ सगळीकडून सारखीच फुगवते. ‘ट’च्या पोटातली मोकळी जागा आणि त्याला चिकटलेल्या ‘य’ची फट आधीच अरुंद असते, ती यात भरून जाते. म्हणून मुळातच ठळक रेखाटलेला टंक घ्यावा.

उत्तर (कराड)
मी ‘यात्रा वन’ सुचवेन. मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवला आहे आणि त्यातली रोमन अक्षरेही देवनागरी लेखणीच्याच कोनात काढली आहेत, त्यामुळे आपली मुख्य अडचण तेथेच सुटते. अधिक भारदस्त रूप हवे असल्यास ‘रोझा वन’ पाहावा. त्यात जाड-बारीक रेघांतला फरक फार मोठा आहे, म्हणून तो मथळ्यापुरताच वापरावा, तारीख-वेळेच्या बारीक ओळींना नको. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. फ्लेक्सवाल्याकडे फाइल देताना अक्षरे कर्व्ह करून (म्हणजे त्यांचे आकृतीत रूपांतर करून) द्यावीत, अन्यथा त्याच्या संगणकावर जोडाक्षरे फुटण्याचा संभव असतो.

उत्तर (मिरज)
वरील सूचना योग्यच आहेत, तरीही मथळा दोनच शब्दांचा असताना तो हाताने लिहावा असे मला मनापासून वाटते. नाटकांच्या जाहिरातींत अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी प्रत्येक नावाला स्वतंत्र अक्षररूप दिले, ते आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. आमच्या मिरजेत तर १८०५ मध्ये ताम्रपटांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. चपट्या ब्रशने, बोरूचा कोन सांभाळून मोठ्या कागदावर लिहावे. ‘स्पर्धा’तल्या रफारासाठी शिरोरेषेवर पुरेशी जागा सोडावी, कारण ठळक अक्षरात तो पहिल्यांदा दाटतो. नंतर स्कॅन करून घ्यावे.

प्रश्नकर्ता (सांगली)
सर्वांचे आभार. मथळा ब्रशने लिहून पाहतो आणि इंग्रजी ओळ ‘यात्रा वन’मध्ये ठेवतो. कच्चा नमुना येथेच दाखवीन. रफाराची जागा कृपया तपासून सांगावी.