मदत हवी आहे: शाळेच्या ग्रंथालयासाठी ऑनलाइन डेटाबेस कोणता घ्यावा?

ग्रंथपाल_देवगड
देवगड तालुक्यातली अनुदानित शाळा, पाचवी ते बारावी, पट ४२०. मराठी माध्यम, अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून. ग्रंथालयात ८ संगणक, फायबरची एक लाइन. यंदा ४०,००० रुपये मंजूर झालेत. एका एजंटाने परदेशी डेटाबेसचं (लेख-निबंधांच्या ऑनलाइन संग्रहाचं) कोटेशन दिलंय: दर पटावर, प्रवेश आयपीवर (म्हणजे शाळेचा इंटरनेट पत्ता ओळखून), करार ३ वर्षांचा. वापर मुख्यतः प्रकल्पांसाठी. घ्यावा का? आणि पावसाळ्यात लाइन गेली की काय करायचं?

खाडीकाठ
वायच थांबा, सही नको. आधी ट्रायल मागा. साधारण महिनाभराची मिळते, पण ती परीक्षेच्या किंवा गणपतीच्या सुट्टीत सुरू करून घेऊ नका, फुकट जाते.

ट्रायलमध्ये एजंटाने दाखवलेले शब्द शोधायचे नाहीत. मुलांच्या गेल्या वर्षीच्या प्रकल्पवह्या काढा, त्यातले २० विषय घ्या. बांगडा, खारफुटी, कातळशिल्पं, हापूसवरचा तुडतुडा, असे. किती विषयांवर पूर्ण मजकूर उघडतो ते मोजा. नुसता सारांश दिसला तर शून्य धरा. माहिती ताजी आहे का बघायला एक प्रश्न पुरतो: ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांमध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत, हे त्यात सापडतं का?

पटावर दर मान्य करू नका. ८ संगणक असताना ४२० जणांचे पैसे कशाला? एकाच वेळी ८ जणांना प्रवेश असा दर मागा, किंवा फक्त अकरावी-बारावीचा पट धरायला लावा. करार १ वर्षाचा, आपोआप नूतनीकरणाचं कलम खोडून, आणि दर जीएसटी धरून की वगळून ते लेखी घ्या.

माडाखाली
आयपीचं आधी तपासा, नाहीतर पैसे भरल्यावर कळतं. राउटरच्या पानावर वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा आयपी) बघा. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ असेल तर तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही, कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. त्यावर आयपी-लॉगिन चालणार नाही. तसा नसेल तरी राउटर बंद-चालू केल्यावर पत्ता बदलतो का बघा. बदलत असेल तर स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी घ्यावा लागतो, त्याचं वेगळं भाडं. शिवाय लाइन गेली म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलात की डेटाबेस तुम्हाला ओळखतच नाही. शाळेने नाव-पासवर्डचाच प्रवेश मागावा.

ग्रंथपाल_देवगड
पाहिलं. १०० नंतर ७२ आहे! म्हणजे हे कोटेशन बादच. मग फुकटातलं काय काय लावू?

खाडीकाठ
राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय (आयआयटी खरगपूरचं) पहिलं. त्यात शोधलेल्या पुष्कळ नोंदी बाहेरच्या संकेतस्थळावर नेतात आणि तिथे पैसे मागतात, मुलं वैतागतात. डावीकडच्या गाळणीत ‘ओपन’ निवडायला शिकवा. मराठी विश्वकोश व्याख्या-संकल्पनांसाठी उत्तम, पण छापील खंडांतली लोकसंख्या, उत्पादनाचे आकडे जुने आहेत. ते उतरवू देऊ नका. नव्या नोंदी विश्वकोशाच्याच ज्ञानमंडळांच्या (विषयवार अभ्यासगटांच्या) संकेतस्थळावर वेगळ्या आहेत.

माशांसाठी फिशबेस हे माशांच्या माहितीचं संकेतस्थळ आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं ई-भांडार, दोन्ही मोफत. इथे ‘बांगडा’ टाकून फारसं हाती लागत नाही. रॅस्ट्रेलिगर कानागुर्ता हे शास्त्रीय नाव इंग्रजीत टाकलं की निबंधांची रांग लागते. म्हणून संगणकाशेजारी स्थानिक नाव–शास्त्रीय नाव असा तक्ता चिकटवा. बांगडा, तारली, सुरमई, पापलेट, मांदेली, एवढ्यांनी निम्मं काम होतं. आंबा-काजूसाठी कृषिकोशात (शेतीविषयक प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) दापोलीच्या विद्यापीठाचे प्रबंध मिळतात; अकरावीच्या मुलाला त्यातली प्रस्तावना आणि निष्कर्ष पुरेत.

जुनी_बखर
इतिहासाला गॅझेटियर, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथ. मात्र सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, त्यामुळे मालवण-देवगड १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडात शोधायचं. स्कॅन प्रतीत गावांच्या नावांवर स्वरचिन्हं आहेत, त्यामुळे शोधखिडकी चुकते. मागची सूची उघडून पान गाठा. अजून एक, कॉलेजवाल्यांचं ऐकून एन-लिस्ट किंवा ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ या ई-नियतकालिकांच्या योजनांसाठी अर्ज करत बसू नका, पहिली कॉलेजांसाठी आहे, दुसरी सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. शाळा त्यात बसत नाही.

माडाखाली
पावसाळ्यासाठी किविक्स, म्हणजे इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं मोफत सॉफ्टवेअर. मराठी विकिपीडियाची झिम फाइल (किविक्समध्ये उघडणारी साठवलेली प्रत) मे महिन्यातच उतरवून ठेवा. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीवरची फाइल त्यावर जात नाही, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. एका संगणकावर किविक्सचा लोकल सर्व्हर चालू केला की बाकीचे सात ब्राउझरमधून त्याचाच पत्ता उघडतात, इंटरनेट लागत नाही. पहिल्यांदा विंडोज फायरवॉल विचारतं तेव्हा ‘अलाऊ’ दाबा. लोक घाईत कॅन्सल करतात आणि मग बाकी संगणकांवर पान का उघडत नाही म्हणून केबल बदलत बसतात. त्या संगणकाचा आतला पत्ता राउटरमध्ये पक्का करा. राउटर आणि तो संगणक यूपीएसवर.

ग्रंथपाल_देवगड
यूपीएस आणि १ टीबीची हार्ड डिस्क या ४०,००० तून घेते. माशांचा तक्ता तयार झाला की इथे टाकते. पेडवा आणि तारली एकच धरायचे की वेगळे, तेवढं कुणीतरी सांगा.

खाडीकाठ
बंदरागणिक बोली बदलते. तुमच्याच जेटीवर मासा हातात घेऊन, फिशबेसमधल्या चित्राशी ताडून मग लिहा.